पाकिस्तानी क्रिकेटमधले डावललेले गुणी खेळाडू : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भारत-पाकिस्तान सामना झाला की आपल्याकडच्या गप्पांत एक वाक्य हमखास येतं : "त्यांच्याकडे टॅलेंट खूप आहे, पण निवड समितीला अक्कल नाही." वाक्य निम्मं खरं आहे. उरलेल्या निम्म्यावरून जे प्रश्न सतत विचारले जातात, ते इथे घेतले आहेत. मजकूर मुख्यतः कसोटी आणि प्रथम श्रेणी (म्हणजे देशांतर्गत, तीन-चार दिवसांच्या) क्रिकेटबद्दल आहे, कारण खेळाडू डावलला गेला की नाही हे तिथेच नीट कळतं. ट्वेंटी-ट्वेंटीत दोन महिन्यांत कोणीही हिरो होतो आणि पुढच्या दोन महिन्यांत घरी जातो.

पाकिस्तानात सोळा-सतराव्या वर्षी पोरं कसोटी खेळतात. मग तरुणांना डावललं जातं असं का म्हणतात?

सगळा घोळ याच प्रश्नात आहे. कोवळ्या वयात निवड होत नाही अशी तक्रार पाकिस्तानात कोणी करू शकत नाही. नसीम शाह २०१९ मध्ये ब्रिस्बेनला कसोटी खेळला तेव्हा सोळा वर्षांचा होता. वसीम अक्रमच्या नावावर १९८५ साली न्यूझीलंडमध्ये पदार्पण करताना प्रथम श्रेणीचे सामने जवळजवळ नव्हतेच. वकार युनूसला इम्रान खानने टीव्हीवरच्या एका सामन्यात पाहिलं आणि उचललं, ही गोष्ट तिथे शाळकरी पोरालाही पाठ असते. अब्दुल्ला शफीक २०२१ मध्ये चट्टोग्रामला सलामीला उतरला तेव्हा त्याच्या खाती प्रथम श्रेणीचे तीनच सामने होते, आणि पुढच्याच वर्षी गॉलला ३४२ धावांचा पाठलाग करताना त्याने नाबाद १६० केल्या. म्हणजे नजरेवर भरवसा ठेवून केलेली निवड दर वेळी चुकते असंही नाही.

अडचण त्यानंतर सुरू होते. सतराव्या वर्षी ज्याच्यावर कोणाची नजर पडली नाही, किंवा पडली आणि दोन डाव फसले, त्याला परत आत यायला वाट नसते. तो स्थानिक स्पर्धांत धावा करत राहतो, बळी घेत राहतो, तिशी गाठतो. मग एखाद्या मोठ्या पराभवानंतर अचानक कोणाला तरी त्याची आठवण होते. तरुण गुणी म्हणून डावललेला खेळाडू बहुतेक वेळा आपल्यासमोर चौतिशीत येतो, म्हणून आपल्याला तो 'तरुण' वाटतच नाही. बावीस ते बत्तीस ही फलंदाजाची सगळ्यात चांगली वर्षं. पाकिस्तानी क्रिकेटमध्ये नेमकी तीच वाया जातात.

फवाद आलमचं नेमकं काय झालं?

कराचीचा डावखुरा फलंदाज. वडील तारिक आलम हेही प्रथम श्रेणी खेळलेले. जुलै २००९ मध्ये कोलंबोच्या पी. सारा ओव्हलवर पदार्पण, आणि त्याच सामन्याच्या दुसऱ्या डावात १६८. परदेशात पदार्पणातच शतक करणारा तो पहिला पाकिस्तानी. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ड्युनेडिनला तिसरी कसोटी खेळला आणि बाहेर गेला. परत आला तो ऑगस्ट २०२० मध्ये, साउदॅम्प्टनला. मध्ये पाकिस्तान ८८ कसोटी खेळून मोकळा झाला होता.

त्या ड्युनेडिन कसोटीचा धावफलक जरा निवांत वाचावा. त्याच सामन्यात एकोणीस वर्षांच्या उमर अकमलने पदार्पण केलं आणि पहिल्या डावात १२९ ठोकल्या. फटके असे की सगळं क्रिकेटजग वेडं झालं. एक पोरगा आला, दुसरा चोविसाव्या वर्षी गेला. उमर अकमल एकूण सोळाच कसोटी खेळला, दुसरं शतक त्याला कधी झालं नाही आणि २०११ नंतर तो कसोटी संघात दिसला नाही. म्हणजे ज्याच्यासाठी जागा केली तोही टिकला नाही, आणि ज्याला हलवलं त्याला कोणी परत बोलावलं नाही.

फवाद मधली वर्षं काय करत होता? धावा. प्रथम श्रेणीत सरासरी पन्नाशीच्या बरीच वर. २०१४ च्या आशिया चषकाच्या अंतिम सामन्यात श्रीलंकेविरुद्ध नाबाद ११४. वनडेतली सरासरी चाळीसवर. त्याचा स्टान्स बघायला विचित्र होता. छाती जवळपास गोलंदाजाकडे, पुढचा पाय लेगला बाहेर, आणि चेंडू पडता पडता खेकड्यासारखा सरकत आत यायचा. वेस्ट इंडिजच्या चंदरपॉलला ज्यांनी पाहिलंय त्यांना हे नवं नाही. पण निवड समितीच्या खोलीत 'हे तंत्र वरच्या पातळीवर चालणार नाही' असं एकदा ठरलं की ते धावांनी पुसलं जात नाही.

परतल्यावर पहिल्याच डावात चार चेंडूंत शून्य. टीकाकारांची दिवाळी. मग डिसेंबरात माउंट माँगानुईला चौथ्या डावात २६९ चेंडूंत १०२, रिझवानबरोबर १६५ ची भागी, आणि दिवस संपायला जेमतेम चार-पाच षटकं उरलेली असताना पाकिस्तान हरला. जानेवारीत कराचीला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध ४ बाद २७ अशी दाणादाण झालेली असताना आला आणि १०९ करून गेला. शतक पुरं केलं केशव महाराजला षटकार मारून. मग हरारेत १४०. किंग्स्टनला ३ बाद २ अशा अवस्थेत येऊन, मध्ये पेटके आले म्हणून बाहेर जाऊन, परत येऊन नाबाद १२४. कारकिर्दीत पहिल्या चार वेळा त्याने पन्नाशी ओलांडली ती प्रत्येक वेळी शतकापर्यंत नेली. पाच शतकं त्याला २२ डावांत झाली. पुजाराला २४ लागले होते, आशियाई फलंदाजांत तोवर तोच विक्रम होता.

आणि २०२२ च्या जुलैत गॉलला शेवटची कसोटी. एकूण १९.

पण निवड समितीची काही बाजू असेलच ना?

होती, आणि ती ऐकून घेतली पाहिजे. २०१० ते २०१७ या काळात मधल्या फळीत युनूस खान, मिस्बाह, अझहर अली आणि असद शफीक होते. यातल्या कोणाला काढून फवादला घ्यायचं, हे सांगणं त्या वेळी सोपं नव्हतं. मुंबईच्या रणजी संघाबाहेर वर्षानुवर्षं ताटकळलेल्या फलंदाजांना हे दुखणं ठाऊक आहे.

दुसरी बाजू पाकिस्तानपुरती खास. मार्च २००९ मध्ये लाहोरला श्रीलंकेच्या बसवर हल्ला झाला आणि पुढची दहा वर्षं पाकिस्तानने 'घरचे' कसोटी सामने अमिरातीत खेळले. तिथल्या संथ, कोरड्या खेळपट्ट्यांवर स्थानिक क्रिकेटमधला १२८ च्या वेगाचा मध्यमगती गोलंदाज घेऊन करायचं काय? त्यामुळे एक अख्खी पिढी अशी निघाली, की ज्यांचं कौशल्य घरच्या हिरव्या खेळपट्ट्यांवर घडलं आणि घरी कसोटी झालीच नाही.

पण हा बचाव २०१७ ला संपतो. मिस्बाह आणि युनूस एकाच मालिकेत निवृत्त झाले, मधल्या फळीत दोन जागा धडधडीत रिकाम्या झाल्या, आणि २०१८ च्या आयर्लंड-इंग्लंड दौऱ्याच्या संघात फवादचं नाव नव्हतं. उस्मान सलाहुद्दीन आणि साद अली होते. त्यातल्या उस्मानला हेडिंग्लीला एक कसोटी मिळाली. ४ आणि ३३. तीच पहिली, तीच शेवटची. साद अलीने नुकताच कायद-ए-आझम ट्रॉफीत, म्हणजे तिथल्या मुख्य प्रथम श्रेणी स्पर्धेत, धावांचा डोंगर रचला होता, त्याला तीही मिळाली नाही. फवादला वगळल्याचा गाजावाजा झाला, या दोघांचा झाला नाही. माझ्या मते खरे डावललेले हे दोघे. फवादच्या मागे निदान कराची उभी होती.

गोलंदाजांमध्येही असं होतं का?

जास्तच होतं, फक्त चर्चा कमी. तबिश खान हे नाव आपल्याकडे फारसं कोणाला माहीत नाही. कराचीचा मध्यमगती गोलंदाज, मे २०२१ मध्ये हरारेला कसोटी पदार्पण, वय ३६. तोवर प्रथम श्रेणीत त्याचे ५९८ बळी झाले होते. पहिल्याच षटकात बळी मिळाला. त्याच्यासारखा गोलंदाज झिम्बाब्वेविरुद्ध का होईना खेळला, सहकाऱ्यांनी मिठ्या मारल्या, फोटो निघाले, आणि पुढच्या मालिकेत तो संघात नव्हता.

मराठी वाचकाला इथे पद्माकर शिवलकर आठवणारच. पॅडी सरांचे प्रथम श्रेणी बळी ५८९, कसोटी शून्य. पण शिवलकरांच्या समोर बिशनसिंग बेदी होते. तबिशच्या समोर कोण होतं याचं इतकं सरळ उत्तर देता येत नाही, कारण त्या काळात पाकिस्तानने वेगवान गोलंदाज पत्त्यांसारखे पिसले.

सदफ हुसेनचंही नाव घ्यायला हवं. डावखुरा, वेगवान, प्रथम श्रेणीत वर्षानुवर्षं विशीच्या आसपास सरासरी, आणि पाकिस्तानकडून एकही सामना नाही.

मोहम्मद अब्बासची तऱ्हा आणखी वेगळी. सियालकोटचा, उमेदीच्या दिवसांत चामड्याच्या कारखान्यात काम केलेला. स्थानिक क्रिकेटमध्ये बळींचा रतीब घालून २०१७ ला कसोटी संघात आला, २०१८ ला अबुधाबीत ऑस्ट्रेलियाचे दहा बळी घेतले. २०२१ मध्ये 'वेग कमी झाला' म्हणून बाहेर. तीन वर्षं इंग्लंडमध्ये हॅम्पशायरकडून काउंटीत बळी घेत बसला. डिसेंबर २०२४ मध्ये सेंच्युरियनला परत आणला तर दुसऱ्या डावात ५४ धावांत ६ बळी. दक्षिण आफ्रिका दोन गडी राखून कशीबशी निसटली. वेग तर २०१७ लाही नव्हता!

वशिल्याने निवड होते हे खरं का?

तिकडे याला 'परची' म्हणतात, म्हणजे वरून आलेली चिठ्ठी. सगळ्यात जास्त हिणवला गेला तो इमाम-उल-हक, कारण काका इंझमाम तेव्हा निवड समितीचा प्रमुख होता. इमामने २०१७ मध्ये अबुधाबीत पहिल्याच वनडेत शतक केलं, तरी मैदानातल्या आरोळ्या थांबल्या नाहीत. मोईन खानचा मुलगा आझम खान यालाही हेच ऐकावं लागलं.

माझं मत असं की, वशिल्याची चर्चा गरजेपेक्षा जास्त होते. एखाद्या पुतण्याची निवड डोळ्यांत खुपते, म्हणून लक्षात राहते. पण फवाद, तबिश, सदफ यांच्या जागी दर वेळी कोणाचा पुतण्या खेळत नव्हता. त्यांच्या जागी नवीन, जास्त वेगवान, दिसायला देखणा कोणीतरी खेळत होता. वशिल्याने एखाद-दुसरी जागा जाते. उतावीळपणाने पिढी जाते.

कराची विरुद्ध लाहोर हा वाद मात्र जुना आणि खरा आहे. कराचीवाल्यांना कायम वाटतं की बोर्ड लाहोरात बसतं म्हणून आपल्या पोरांना दुय्यम वागणूक मिळते. खैबर पख्तुनख्वाची गोष्ट उलट. दिर, लंडी कोतल, चारसद्दा अशा ठिकाणांहून गेल्या दहा-पंधरा वर्षांत रांग लागली आहे. बलुचिस्तान अजूनही जवळपास नकाशाबाहेरच.

निवड समिती इतक्यांदा का बदलते?

कारण बोर्डाचा अध्यक्ष बदलतो, आणि अध्यक्ष बदलतो कारण सरकार बदलतं. देशाचा पंतप्रधान हा बोर्डाचा आश्रयदाता असतो. २०२२ च्या डिसेंबरात रमीझ राजा गेले, नजम सेठी आले. २०२३ च्या मध्याला झका अश्रफ, २०२४ च्या फेब्रुवारीत मोहसीन नक्वी. त्याच दोन वर्षांत निवड समितीचे प्रमुख बघा : मोहम्मद वसीम, मग हंगामी म्हणून शाहिद आफ्रिदी, मग हरून रशीद, मग इंझमाम, मग वहाब रियाझ. मग 'प्रमुखच नको' म्हणून सात जणांची समिती. मग ऑक्टोबर २०२४ मध्ये पुन्हा नवी, ज्यात अलीम दारसारखे पंचही होते.

आता तुम्ही बावीस वर्षांचे फलंदाज आहात असं धरा. पहिल्या प्रमुखाने सांगितलं, 'मोसमात हजार धावा कर, मग बघू.' तुम्ही केल्या. तोवर तो घरी गेलेला. नवा म्हणतो, 'स्ट्राइक रेट सुधार.'

'डिपार्टमेंट क्रिकेट' काय असतं? ते बंद पडल्याने काय बिघडलं?

मुंबईकरांना समजावणं सोपं आहे. टाइम्स शील्डमध्ये टाटा, मफतलाल, निर्लॉन, स्टेट बँक खेळायच्या आणि खेळाडूला नोकरी मिळायची, तोच प्रकार. फरक एवढाच की पाकिस्तानात या कंपन्यांचे संघ थेट प्रथम श्रेणी खेळायचे. पीआयए, हबीब बँक, नॅशनल बँक, वापडा, सुई नॉर्दर्न गॅस. सत्तरच्या दशकात बोर्डाचे प्रमुख असलेल्या अब्दुल हफीझ कारदार यांनी सरकारी संस्था आणि बँकांना यासाठी तयार केलं. दर महिन्याला पगार, निवृत्तीनंतरही नोकरी. या भरवशावर गरीब घरातला पोरगा तिशीपर्यंत क्रिकेट खेळू शकत होता, राष्ट्रीय संघात निवड होवो न होवो.

इम्रान खानला ही पद्धत कधीच पटली नाही. ऑस्ट्रेलियात सहा राज्यं, सहा संघ, म्हणून तिथे दर्जा, हे त्याचं जुनं म्हणणं. पंतप्रधान झाल्यावर २०१९ मध्ये ते अमलात आलं. डिपार्टमेंट बंद, प्रांतांचे सहा संघ. क्रिकेटच्या दृष्टीने काही सुधारणा खऱ्याच झाल्या. कूकाबुरा चेंडू आला, खेळपट्ट्या बऱ्या झाल्या, सामने टीव्हीवर दिसायला लागले. पण शेकडो खेळाडूंच्या नोकऱ्या गेल्या. एका प्रथम श्रेणी फलंदाजाचा कराचीत पिकअप गाडी चालवतानाचा व्हिडिओ त्याच वर्षी फिरला आणि मोठं वादळ उठलं.

२०२२ च्या अखेरीस ते सगळं पुन्हा उलटवलं. २०२३-२४ ला कायद-ए-आझम ट्रॉफीत आठ विभागीय संघ, डिपार्टमेंटसाठी वेगळी प्रेसिडेंट्स ट्रॉफी. पुढच्या वर्षी आठचे अठरा झाले, वर 'चॅम्पियन्स कप' नावाची पाच संघांची नवीच स्पर्धा आली, मार्खोर्स, डॉल्फिन्स वगैरे नावांची. कोणतीही पद्धत बरी किंवा वाईट ठरायला पाच-सात मोसम जावे लागतात. इथे एकीलाही तेवढं आयुष्य मिळत नाही. सहा संघांतल्या धावा आणि अठरा संघांतल्या धावा यांची तुलना निवड समितीने कशी करायची, हाही प्रश्नच आहे.

कामरान गुलामचं नाव सारखं का येतं?

अप्पर दिरचा फलंदाज. २०२०-२१ च्या कायद-ए-आझम ट्रॉफीत १२४९ धावा. एका मोसमातला आधीचा विक्रम १९८३-८४ चा होता, सादत अलीच्या १२१७ धावांचा. सादत अलीलाही कसोटीची टोपी मिळाली नव्हती, म्हणजे लक्षण तेव्हापासूनच ठीक नव्हतं.

कामरानला विक्रमानंतर लगेच संघात घेतलं, पण बाकावर. जानेवारी २०२३ मध्ये वनडे पदार्पण झालं तेही डोक्याला चेंडू लागलेल्या हारिस सोहेलच्या बदली, आणि फलंदाजी आलीच नाही. सामान्य प्रेक्षकाला तो माहीत होता एका वेगळ्याच कारणाने. २०२२ च्या पीएसएलमध्ये (पाकिस्तान सुपर लीग, आपल्या आयपीएलसारखी) त्याने झेल सोडला आणि नंतर आनंद साजरा करताना गोलंदाज हारिस रौफने त्याच्या गालावर चापट दिली. एवढ्या धावा करून ओळख काय, तर ती क्लिप.

ऑक्टोबर २०२४. मुलतानला पहिल्या कसोटीत पाकिस्तानने ५५६ केल्या आणि तरी डावाने हरला, कारण इंग्लंडने ७ बाद ८२३ वर डाव सोडला. समिती बदलली, बाबर आझम, शाहीन आणि नसीम बाहेर. बाबरच्या जागी, बाबरच्याच चौथ्या क्रमांकावर, एकोणतीस वर्षांचा कामरान. २ बाद १९ वर आला. साईम अयूबबरोबर १४९ जोडल्या, जो रूटला डोक्यावरून चौकार मारून शतक पुरं केलं, ११८ वर गेला. पाकिस्तान १५२ धावांनी जिंकला.

त्याच सामन्यात विसाच्या वीस बळी नोमान अली आणि साजिद खान या दोन फिरकी गोलंदाजांनी घेतले. पहिल्या कसोटीत दोघांपैकी कोणी खेळला नव्हता. पुढच्या रावळपिंडी कसोटीसह या दोघांनी चाळीसपैकी एकोणचाळीस बळी टिपले आणि मालिका २-१ अशी फिरली. खेळपट्टीही वापरलेली होती हे खरं, पंख्यांनी वाळवलेली होती हेही खरं. पण हे तिघं त्या आठवड्यात काही नव्याने क्रिकेट शिकले नव्हते.

उशिरा संधी मिळालेले खरंच टिकतात का, की हौस फिटवायची?

टिकतात, आणि पाकिस्तानात तर ठळकपणे. नोमान अली सिंधमधल्या सांघर जिल्ह्यातल्या खिप्रोचा. फवादने १०९ केल्या त्याच कराची कसोटीत, चौतिसाव्या वर्षी पदार्पण आणि दुसऱ्या डावात पाच बळी. २०२५ च्या जानेवारीत वेस्ट इंडिजविरुद्ध हॅट्ट्रिक. कसोटीत हॅट्ट्रिक घेणारा तो पहिला पाकिस्तानी फिरकीपटू. कादिर, मुश्ताक, सकलेन यांच्या देशात हा मान अडतीस वर्षांच्या माणसाला मिळाला.

सौद शकीलला सत्ताविसाव्या वर्षी कसोटी मिळाली, तर पहिल्या सातही कसोटींत त्याने किमान एक पन्नाशी केली. गॉलला नाबाद २०८. आसिफ आफ्रिदी ऑक्टोबर २०२५ मध्ये रावळपिंडीला उतरला तेव्हा अडतीस पूर्ण झाले होते, आणि पहिल्याच डावात ७९ धावांत ६ बळी. त्याच्या उशिरामागे फक्त निवड समिती नव्हती. भ्रष्टाचारविरोधी नियम मोडल्याबद्दल त्याने बंदीही भोगली होती, ते विसरून चालणार नाही.

सोळाव्या वर्षी निवडलेल्यांचं पुढे काय होतं?

अक्रम आणि वकार झाले त्यांची नावं आपण घेतो. हसन रझाला १९९६ मध्ये फैसलाबादला उतरवलं ते 'चौदा वर्षांचा' म्हणून. वयावर लगेच शंका आली. पण वय काहीही असो, त्याच्या वाट्याला एकूण सातच कसोटी आल्या, त्याही तुकड्यातुकड्यांत. आसिम कमालने २००३ मध्ये पदार्पणात ९९ केल्या आणि बारा कसोटींनंतर दोन वर्षांत संपला. तो काही पोरगा नव्हता, पण रीत तीच. वयाच्या दाखल्यांचा प्रश्न तिथे आहेच. शाहिद आफ्रिदीने स्वतःच २०१९ मध्ये आपलं जन्मसाल अधिकृत नोंदीपेक्षा पाच वर्षांनी मागे असल्याचं लिहिलं.

पीएसएलने फायदा झाला की तोटा?

शोधण्यासाठी फायदा. रावळपिंडीचा हारिस रौफ टेपबॉल खेळणारा पोरगा होता, टेनिस बॉलवर इलेक्ट्रिकची टेप गुंडाळून. २०१७ ला पीएसएलमधल्या लाहोर कलंदर्स संघाच्या गुजरांवाला इथल्या चाचणीत त्याचा वेग पाहून माजी वेगवान गोलंदाज आकिब जावेदने ठेवून घेतला. निवड समिती तिथे कधी पोचलीच नसती.

कसोटीसाठी तोटा. चार षटकं वेगात टाकणाऱ्याला पाच दिवसांचा गोलंदाज समजण्याची सवय लागली.

देश सोडून गेलेले किती जण?

आकडा देण्यात अर्थ नाही, प्रकार समजून घ्या. इम्रान ताहिर लाहोरचा, पाकिस्तानच्या १९ वर्षांखालील संघाकडून खेळलेला. दक्षिण आफ्रिकेत स्थायिक झाला आणि २०११ च्या विश्वचषकात त्यांच्याकडून उतरला. पुढे वनडेत १७३ बळी. सामी अस्लम २०१४ च्या युवा विश्वचषकात पाकिस्तानचा कर्णधार, संघ उपविजेता. तेरा कसोटी खेळला, २०१७ नंतर हाक आली नाही, २०२० च्या अखेरीस अमेरिकेला गेला. वय पंचवीस. मला विचाराल तर या सगळ्या यादीतलं सर्वांत मोठं नुकसान हे. सलामीला नव्वदपर्यंत जाऊन बाद होणारा पोरगा शतकही करतो, थोडं थांबलं तर.

सिकंदर रझाचं नाव लोक या यादीत घुसडतात. ते चुकीचं. तो सियालकोटला जन्मला, त्याला हवाई दलात वैमानिक व्हायचं होतं, दृष्टीच्या चाचणीत अडला, कुटुंब झिम्बाब्वेला गेलं. त्याला कोणी डावललं नाही. २०२२ मध्ये पर्थला एका धावेने पाकिस्तानला हरवताना त्याने तीन बळी घेतले म्हणून ही गोष्ट रंगवून सांगितली जाते, इतकंच.

अमेरिकेवरून आपला सौरभ नेत्रावळकर आलाच. २०१० च्या युवा विश्वचषकात तो भारताकडून खेळला, उपांत्यपूर्व फेरीत पाकिस्तानने हरवलं, त्या पाकिस्तानी संघात बाबर आझम होता. मुंबईकडून एकच प्रथम श्रेणी सामना मिळाला, मग शिकायला अमेरिकेत, तिथेच सॉफ्टवेअरची नोकरी. जून २०२४ ला डॅलसमध्ये बाबरच्याच पाकिस्तानविरुद्ध अमेरिकेकडून सुपर ओव्हर त्याने टाकली. १८ राखायच्या होत्या, १३ दिल्या.

आपल्याकडे असं होत नाही का?

होतंच की. भाऊसाहेब निंबाळकरांनी १९४८ मध्ये पुण्यात काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ केल्या, ब्रॅडमनच्या ४५२ पासून नऊ दूर, आणि समोरच्या संघाने सामनाच सोडून दिला. कसोटी एकही नाही. अमोल मुझुमदारच्या अकरा हजारांहून जास्त प्रथम श्रेणी धावा, भारताची टोपी नाही. २०२५ मध्ये नवी मुंबईत महिला संघाने विश्वचषक जिंकला तेव्हा प्रशिक्षक तो होता.

निंबाळकरांच्या जोडीला पाकिस्तानातून आफताब बलोचला उभं करता येईल. १९६९ मध्ये सोळाव्या वर्षी ढाक्याला कसोटी पदार्पण. मग पाच वर्षं काही नाही. १९७३-७४ मध्ये बलुचिस्तानविरुद्ध ४२८. १९७५ मध्ये लाहोरला वेस्ट इंडिजविरुद्ध दुसरी कसोटी, तिच्या दुसऱ्या डावात नाबाद ६०. तिसरी कसोटी नाही. दोन कसोटी, सरासरी ४८.५०. लवकर निवडणं आणि लवकर विसरणं, दोन्ही एकाच माणसाच्या वाट्याला आलं.

फरक आहे तो कारणांत. आपल्याकडे मुझुमदारच्या पुढे द्रविड, लक्ष्मण, गांगुली होते. रांग मोठी, दार अरुंद. पाकिस्तानात दार सतत उघडझाप करत असतं, आणि रांग कुठून सुरू होते तेच कळत नाही.

पाकिस्तानी स्थानिक क्रिकेटचे आकडे वाचताना काय बघावं?

मोसम आधी बघा. २०१९ पूर्वीच्या गोलंदाजांच्या सरासरीवर थोडा कर लावा, कारण चेंडू आणि खेळपट्ट्या दोन्ही त्यांच्या बाजूने होत्या. त्याच न्यायाने त्या काळातल्या फलंदाजाची पन्नासची सरासरी भारी समजा. फवादच्या आकड्यांचं वजन त्यामुळेच जास्त. २०१९ ते २०२२ च्या सहा संघांच्या काळातल्या धावा सगळ्यात विश्वासाच्या, आणि कामरान गुलामच्या १२४९ त्यातल्याच आहेत. अठरा संघ झाल्यावर पुन्हा सावध.

दुसरं म्हणजे, एका स्फोटक मोसमापेक्षा सलग तीन बरे मोसम शोधा. साहिबजादा फरहानने २०२५ च्या राष्ट्रीय ट्वेंटी-ट्वेंटी स्पर्धेत ६०५ धावा केल्या, त्यात एक नाबाद १६२, आणि त्याच वर्षी आशिया चषकाच्या अंतिम सामन्यात भारताविरुद्ध पाकिस्तानकडून सर्वाधिक ५७ त्याच्याच होत्या. सगळे म्हणाले नवीन शोध लागला. तो २०१८ मध्येच पाकिस्तानकडून खेळून बाहेर फेकला गेला होता.